बिस्किटाच्या डब्यातली नाणी आणि सत्तर मार्कांची परीक्षा

परवा खानापुरातनं आमचे एक लांबचे मामा आले. हातात बिस्किटाचा पत्र्याचा डबा, आणि आल्या आल्या चहा पण न घेता म्हणाले, "बघ रे जरा, हे सगळं अमेरिकेला पाठवून ग्रेडिंग करून आणायचं म्हणतोय मी, एकेकाचे लाख होतात म्हणे." मी म्हटलं मामा आधी बसा की, लाख कुठं पळून जात नाहीत.

डबा उघडला. चार राणी छाप रुपये, त्यातल्या दोघांना वर कडी डागलेली कारण ते आजीच्या माळेतले, एक पंचम जॉर्जचा रुपया, एक वाघाचा १९४७ चा, मूठभर शिवराया (म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची जुनी नाणी), गोव्याकडचं एक पोर्तुगीज नाणं (जांबोटीच्या पट्ट्यात जुन्या घरांत अशी निघतातच), एक भलामोठा रामदरबार (राम-सीतेचं चित्र असलेलं नाणं), वैष्णोदेवीचा दहाचा कॉइन, आणि वेगळा वहीच्या कागदात गुंडाळलेला सहाव्या जॉर्जचा एक रुपया. बेळगावात कुणाच्या पण घरी माळ्यावर चढलात तर थोड्याफार फरकाने असाच डबा मिळेल. म्हणून मामांना जे तासभर सांगितलं तेच इथं लिहितोय, कारण हा प्रश्न मला महिन्यातनं दोनदा तरी येतो.

पहिलं म्हणजे ग्रेडिंग केल्याने नाण्याची किंमत वाढते हे डोक्यातनं काढा. आपल्याकडं ऊस कारखान्याला घालायच्या आधी लोक बाहेरच्या काट्यावर ट्रॉली वजन करून घेतात, बरोबर? का, तर कारखान्याच्या काट्यावर भरवसा नाही, आणि कारखान्याचा आपल्या तोंडच्या आकड्यावर भरवसा नाही. बाहेरच्या काट्याने ऊस एक किलो पण वाढत नाही, फक्त वाद मिटतो. ग्रेडिंग म्हणजे तोच बाहेरचा काटा. विकणारा म्हणतो नाणं एकदम कोरं आहे, घेणारा म्हणतो वापरलेलं आहे, आणि दोघं एकमेकाला ओळखत नाहीत, तेव्हा तिसऱ्याने पैसे घेऊन सांगायचं की नाणं खरं आहे का आणि किती चांगल्या अवस्थेत आहे. आता प्रश्न एवढाच उरतो की तुमच्या नाण्यावर वाद आहे का, आणि असला तर तो काट्याच्या भाड्यापेक्षा मोठा आहे का. अर्ध्या पोत्याला कोण काट्यावर नेतंय!

हा धंदा मोठा झाला अमेरिकेत. तिथं १९७०-८० च्या काळात गुंतवणूक म्हणून नाणी घेणारे लोक वाढले आणि प्रत्येक डीलर आपापल्या मनाने ग्रेड सांगायचा, विकताना एक आणि तेच नाणं परत घेताना दुसरी. त्याला कंटाळून काही डीलरांनीच १९८६ मध्ये पीसीजीएस ही ग्रेडिंग कंपनी काढली, आणि पुढच्याच वर्षी एनजीसी ही दुसरी आली. आजही जगात सगळीकडे चालतात अशा मुख्य ह्याच दोन. नोटांसाठी पीएमजी आहे, ती २००५ ची. आपल्याकडं पण नाणी प्लास्टिकमध्ये घालून देणारे आहेत, पण माझं मत विचाराल तर ज्या डबीवर परक्या गावचा खरेदीदार डोळे मिटून विश्वास ठेवत नाही त्या डबीचा उपयोग फक्त धूळ बसू नये एवढाच.

ते करतात काय? नाणं गेलं की एकापेक्षा जास्त ग्रेडर ते बघतात, मालक कोण हे त्यांना माहीत नसतं. आधी खरं की खोटं. खोटं निघालं तर तसंच परत, डबी नाही, फी मात्र गेली. खरं असेल तर १ ते ७० मध्ये नंबर देतात, आणि कडक पारदर्शक प्लास्टिकमध्ये सील करतात ज्याला सगळे स्लॅब म्हणतात, आत चिठ्ठी, त्यावर नाण्याचं नाव, वर्ष, ग्रेड आणि एक सर्टिफिकेट नंबर. तो नंबर कंपनीच्या साइटवर टाकला की माहिती येते, बऱ्याच वेळा फोटो पण येतो. हे लक्षात ठेवा कारण खोटे स्लॅब पण बाजारात आहेत, नंबर खरा असतो पण आतलं नाणं वेगळंच, म्हणून नुसता नंबर जुळला म्हणून खूश व्हायचं नाही, फोटोतला डाग न् डाग हातातल्या नाण्याशी जुळवायचा.

आता हे ७० कुठनं आलं, १०० का नाही? विल्यम शेल्डन म्हणून एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होता, त्याला मोठ्या तांब्याच्या सेंटचं वेड. त्याने १९४९ मध्ये ही पट्टी काढली, त्यामागे हिशोब असा की एकाच सेंटचा सगळ्यात घासलेला नमुना १ रुपयाला असेल तर सगळ्यात चांगला ७० ला जातो, म्हणजे ग्रेड हीच भावाची पट. भावाचा तो हिशोब थोड्याच वर्षांत मोडला पण आकडे राहिले. आणि गंमत बघा, पट्टी काढणाऱ्या ह्याच माणसाने न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातली चांगली नाणी उचलून त्या जागी आपली हलकी नाणी ठेवली होती हे तो गेल्यावर पुरतं उघड झालं. हा शोध काय स्वस्तात पडला नाही त्यांना.

तर ७० मार्क समजून घ्या. साठच्या वर सगळी कोरी नाणी, म्हणजे व्यवहारात फिरलेलीच नाहीत, त्याला एमएस (मिंट स्टेट) म्हणतात, एमएस ६० ते एमएस ७०. खास चकचकीत करून संग्राहकांसाठी पाडलेली प्रूफ नाणी असतील तर पीएफ नाहीतर पीआर. ५० ते ५८ एयू, जवळजवळ कोरं पण उंच भागावर घासल्याची किंचित खूण. ४०-४५ एक्सएफ (एक्स्ट्रीमली फाइन), २० ते ३५ व्हीएफ (व्हेरी फाइन), १२ च्या आसपास फाइन, आणि त्याखाली जी आपल्या डब्यात नव्वद टक्के असतात ती, राणीचं नाक गेलेलं, केस सपाट, वर्ष बोटाने चाचपून वाचायचं. तांब्याच्या नाण्याला रंगाचं पण अक्षर लागतं, आरडी म्हणजे मूळ लाल झाक शाबूत, आरबी म्हणजे अर्धीमुर्धी, बीएन म्हणजे तपकिरी झालेलं.

इथं एक गोष्ट नवीन माणसाला पटत नाही. कोरं म्हणजे चकचकीत नव्हे. टांकसाळीत डाय, म्हणजे छाप उठवणारा ठसा, जोरात बसतो तेव्हा धातू आतनं बाहेर पसरतो, त्यामुळे पृष्ठभागावर डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक रेघा उठतात, आणि नाणं एका दिव्याखाली हळू हळू फिरवलं की उजेडाचा एक पट्टा चाकाच्या आरीसारखा गोल फिरताना दिसतो. ती खरी झळाळी. भांड्यासारखं घासलेलं नाणं चमकतं पण उजेड फिरत नाही, एकदम सगळं लखलखतं, आणि भिंगाखाली एका दिशेने केसासारख्या रेघा. ही झळाळी एकदा गेली की गेली, कुणाचा बाप परत आणू शकत नाही.

आणि आपण काय करतो? दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी पाट मांडून चांदीचे सगळे रुपये चिंच, राख, नाहीतर भांड्याच्या पावडरीने घासतो, मग पूजेत मांडतो. पन्नास वर्षं, दर वर्षी! मी पण केलंय. सातवी-आठवीत असताना आजोबांचा १८७७ चा रुपया, ज्या वर्षी राणी नाण्यावर क्वीनची एम्प्रेस झाली तो पहिल्या वर्षाचा, मी कौतुकाने शाबासकी मिळवायला चिंचेच्या कोळात तासभर ठेवून काथ्याने घासला, त्यावर निळसर जांभळी झाक होती ती "घाण" म्हणून काढली. तो रुपया अजून माझ्याकडं आहे. बघितला की पोटात कालवतं.

घासलेल्या नाण्याला कंपनी नंबर देत नाही. खरं आहे म्हणून डबीत घालतात पण चिठ्ठीवर "डिटेल्स" लिहितात आणि पुढं कारण, क्लीन्ड, स्क्रॅच्ड, मग कडी काढलेलं असेल तर तसं, भोक बुजवलेलं असेल तर तसं. सराफाने कस बघायला मारलेले बारीक ठसे असतात ना जुन्या रुपयांवर, त्याची पण नोंद होते. आणि डिटेल्स लागलं की बाजार एकदम मागं सरकतो, बऱ्याचदा उघड्या नाण्याला जे मिळालं असतं त्याहून कमी मिळतं, कारण आता दोष छापूनच आलाय. मी एकदा हौसेने एका डीलरकडून सहाव्या जॉर्जच्या काळातली तीन नाणी पाठवली होती, माझ्या डोळ्याला तिन्ही कोरी. एक एमएस ६२ आलं, एक एयू ५८, आणि ज्यावर सगळा डाव होता ते डिटेल्स, क्लीन्ड. फी तिघांना सारखीच.

मामांच्या माळेतले दोन रुपये म्हणून लगेच बाजूला ठेवले. कडी काढली तरी डाग राहतो. ते आजीच्या आठवणीचे, आणि चांदीच्या भावाचे. तसा एक रुपया म्हणजे एक तोळा, ११.६६ ग्रॅम, त्यात ९१.७ टक्के चांदी, म्हणजे साधारण १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी झाली, सराफ गल्लीत त्या दिवसाचा भाव विचारा आणि गुणाकार करा, त्याच्या खाली कुणाला द्यायचं नाही. १९४० पासून मात्र रुपयात चांदी निम्मीच, ५० टक्के, कारण युद्धात चांदीची चणचण झाली. आणि वाघाचा १९४७ चा रुपया, जो प्रत्येक घरात "चांदीचा आहे हो" म्हणून जपलेला असतो, तो निकेलचा. वजन तेच ११.६६ म्हणून फसायला होतं. चुंबक लावा, चिकटेल. मामांच्या समोर फ्रिजवरचं चुंबक काढून लावलं, टक् करून चिकटला, मामांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

आता खरी मेख. ही गोष्ट बरेच यूट्यूबवाले सांगत नाहीत. १९७२ चा पुरावशेष कायदा आहे केंद्राचा, अँटिक्विटीज अँड आर्ट ट्रेझर्स अॅक्ट, त्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुनं नाणं म्हणजे पुरावशेष, आणि पुरावशेष देशाबाहेर पाठवायचा हक्क केंद्र सरकार किंवा त्यांनी नेमलेल्या संस्थेलाच. तुम्ही आम्ही कुरिअरने नाही पाठवू शकत, "परत येणारच आहे की" हे कारण पण चालत नाही, बाहेर गेलं म्हणजे गेलं. आता हिशोब लावा. पंचम जॉर्जचे रुपये १९११ ते १९२२ पर्यंत पडले, त्यानंतर रुपया थेट १९३८ ला सहाव्या जॉर्जचा. म्हणजे व्हिक्टोरिया, एडवर्ड, पंचम जॉर्ज, ह्यांचा एकूण एक रुपया आता शंभरी पार करून बसलाय! शिवराई, विजयनगरचे होन, आदिलशाहीतली ती वाकवलेल्या तारेची चांदीची लारी, ह्यांचं तर बोलायलाच नको. मग परदेशी स्लॅबमध्ये व्हिक्टोरियाचे रुपये दिसतात ते कसे, तर इंग्रज जाताना नेलेले, तिथल्या संग्रहातले, आणि ते तिथंच ग्रेड झालेले असू शकतात. एखादा डीलर म्हणाला "द्या हो माझ्याकडं, मी करून आणतो, कायदा वगैरे कोण बघतंय" तर तिथनं उठायचं. नाणं तुमचं, जोखीम पण तुमचीच.

ह्याच ओघात शेतात सापडलेल्याचं पण सांगून टाकतो, कारण आपल्या भागात नांगराला मडकं लागतंच कधीतरी. जमिनीत पुरलेला ठेवा सापडला तर सरकारला कळवायचा हा कायदा इंग्रजांच्या १८७८ पासून चालत आलाय, कर्नाटकाचा स्वतःचा १९६२ चा आहे. डीसी ऑफिसला, म्हणजे जिल्हाधिकारी कचेरीत कळवायचं. "घरातलीच जुनी आहेत" असं सांगून बाजारात फिरवायला गेलं की मातीचा थर बघूनच जाणकार ओळखतो, आणि मग निस्तरत बसा.

तर मामांच्या डब्यातनं राणीचे चार, जॉर्ज पाचवा, शिवराया आणि गोव्याचं ते नाणं, सगळं परदेशी ग्रेडिंगच्या यादीतनं बाहेर गेलं. मामा म्हणाले, "मग शिवरायांचं काय करू?" मला विचाराल तर शिवराई परदेशी जाता आली असती तरी मी पाठवली नसती. हाताने हातोडा मारून पाडलेलं नाणं ते, डाय मोठा आणि खालचा तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे पूर्ण मजकूर एकाच नाण्यावर क्वचितच बसतो. एका बाजूला तीन ओळींत श्री, राजा, शिव आणि दुसऱ्या बाजूला छत्र, पति, त्यातलं कुणाचं श्री अर्धं, कुणाचा पति गायब. कारखान्यात मशीनवर पडलेल्या नाण्यासाठी बनवलेली ७० ची पट्टी इथं लावणं म्हणजे गावरान अंब्याला सुपरमार्केटच्या सफरचंदाचे नियम लावणं. शिवराई घेणारा आधी अक्षर वाचतो, वळण बघतो, राजाचा ज कसा काढलाय, बिंदूंची माळ किती दिसते, शिवाय नंतरच्या काळातल्या दोन आडव्या रेघांच्या दुदांडी शिवराया वेगळ्या. दोन-अडीचशे वर्षं हे नाणं दख्खनच्या बाजारात फिरलं, त्यामुळे प्रकार भरपूर आणि साध्या शिवराया अजूनही आवाक्यातल्या. इथं तुम्हाला ग्रेडर नको, जाणकार हवा. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, नाण्यांची प्रदर्शनं भरतात तिथं मराठा नाण्यांवर आयुष्य घातलेले म्हातारे भेटतात, चहा पाजा, तासभर बोलतात. आणि हो, कुणी सोन्याचा शिवराई होन दाखवला तर आधी खोटाच समजा, मग खरा आहे का ते शोधा.

आपल्या गावाचं म्हणाल तर मुघलांनी बेळगावला आझमनगर नाव दिलं होतं आणि त्या नावाची टांकसाळ रुपयांवर वाचायला मिळते, पलीकडं बागलकोटला पेशव्यांचे सरदार रास्ते, त्यांच्या काळात मल्हारशाही रुपये पडायचे. असलं नाणं हातात आलं तर मला एमएस किती ह्यापेक्षा टांकसाळीचं नाव नाण्यावर पुरतं बसलंय का ह्याचंच पडलेलं असतं.

राहिलं काय? १९३८ नंतरचं. सहावा जॉर्ज, मग १५ ऑगस्ट १९५० पासूनची आपली प्रजासत्ताकाची नाणी, १९५७ चे नये पैसे, प्रूफ सेट, आणि टांकसाळीच्या चुका. खरंतर ग्रेडिंगचा प्रश्न आपल्याला एवढ्यापुरताच पडायला पाहिजे. आणि इथं भावनेने नाही, पाटी-पेन्सिल घेऊन बसायचं.

समजा तुमच्याकडं एक नाणं आहे, आज उघडं विकलं तर १२,००० येतात. फी, डीलरचं कमिशन, जाण्या-येण्याचं कुरिअर, इन्शुरन्स, कस्टम, सगळं धरून समजा ४,५०० खर्च. एमएस ६३ आलं तर ३०,००० ला जाईल, एयू ५८ आलं तर १४,००० ला, आणि डिटेल्स आलं तर ७,००० (आकडे मी समजायला घेतलेत, भाव म्हणून कुठं सांगू नका). आता तुमच्या डोळ्याला वाटतंय की एमएस यायची शक्यता निम्मी, बाकी दोन्ही पाव पाव. तर ३०,००० चे निम्मे १५,०००, १४,००० चा पाव ३,५००, ७,००० चा पाव १,७५०, एकूण २०,२५०, त्यातनं ४,५०० गेले की १५,७५०. आजच्या १२,००० पेक्षा बरं, पाठवा. पण तुम्ही जरा जास्त आशेने बघत होता आणि खरी शक्यता एमएसची पावच होती, एयूची निम्मी, तर? ७,५०० अधिक ७,००० अधिक १,७५० म्हणजे १६,२५०, खर्च काढून ११,७५०. झालं, घरात बसून १२,००० मिळत होते ते पण गेले, आणि दोन-चार महिने नाणं अडकलं ते वेगळंच. बघा, नाणं तेच, फी तीच, फक्त तुमचा डोळा किती खरा एवढ्यावर सगळा हिशोब फिरला. म्हणून मी म्हणतो आधी स्वतः ग्रेड करायला शिका. भिंग घ्या, एकच पिवळा दिवा, आणि स्लॅबमधल्या नाण्यांचे फोटो शेकड्याने बघा, सहाव्या जॉर्जच्या मुकुटाची टोकं, भुवई, कान, हे उंच भाग आधी घासतात, तिथं रंग बदललाय का बघा. स्वतःच्या नाण्याला स्वतः एक ग्रेड लिहायची आणि मग त्यातनं थोडी कमी करायची, कारण आपलं पोर सगळ्यांनाच गोरं दिसतं.

१,००० रुपयांच्या नाण्याला हा हिशोब करायची पण गरज नाही, बसतच नाही. पन्नास हजाराच्या नाण्याला पण करायची गरज नाही, तिथं खोट्याची भीतीच एवढी असते की स्लॅबशिवाय परगावचा गिऱ्हाईक बोलतच नाही. भांडण सगळं मधल्या नाण्यांचं. आणि विकायचंच नसेल, पोराबाळांना ठेवायचं असेल, तर फीच्या पैशात अजून एक नाणं येतं, माझा कल तिकडं असतो.

एक सापळा अजून, पॉप्युलेशन रिपोर्ट. कंपन्या किती नाणी कुठल्या ग्रेडला दिली ती संख्या जाहीर करतात, आणि विकणारा सांगतो "जगात एकच आहे ह्या ग्रेडला, पॉप १!" अमेरिकन डॉलरच्या बाबतीत ह्याला अर्थ असतो कारण तिथं लाखांनी नाणी पाठवली जातात. आपल्या १९५० च्या दशकातल्या साध्या अर्ध्या रुपयाची पॉप १ असणं म्हणजे नाणं दुर्मिळ असं नाही, कुणी पाठवायचे कष्टच घेतले नाहीत असं. उद्या कुणीतरी पन्नास पाठवले की तुमचा एक त्या पन्नासात बुडाला.

रामदरबार. मामांचा सगळ्यात जास्त जीव ह्याच्यावर, कारण त्यावर ईस्ट इंडिया कंपनी आणि १८१८ लिहिलंय. मामा, कंपनीने राम-सीता-हनुमानाचं असलं नाणं कधीच काढलेलं नाही. जत्रेत, तीर्थाच्या ठिकाणी विकायला बनवलेलं टोकन ते. देव्हाऱ्यात ठेवा, पूजा करा, काहीच वाईट नाही, पण ग्रेडिंगला नाही जात. वैष्णोदेवीचा २०१२ चा दहाचा कॉइन, त्याचे लाख मिळतात म्हणून व्हॉट्सअॅपवर फिरत असतं, तो बाजारात दहा रुपयेच, म्हणजे ह्या देवीचा कॉइन किराणा दुकानात पण चालतो. आणि कुणी फोन करून म्हणालं की नाणं पाच लाखाला घेतो, आधी रिझर्व्ह बँकेची फी नाहीतर टॅक्स भरा, तर फोन ठेवा. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच जाहीर सांगितलंय की जुन्या नाण्या-नोटांच्या खरेदी-विक्रीत ते पडत नाहीत आणि असलं कमिशन कुणाकडनं घेत नाहीत. आमच्या ओळखीतल्या एका रिटायर्ड मास्तरांचे असेच गेले, सांगायची पण लाज वाटते म्हणतात.

खानापूर, कणकुंबीकडच्या पावसात नाणी ठेवायची म्हणजे पण परीक्षाच. तांब्यावर हिरवा पूड चढतो, एकदा लागला की आत खात जातो. मऊ प्लास्टिकचे स्वस्त पाऊच असतात ना, पीव्हीसीचे, त्यातनं पण हिरवा चिकट थर सुटतो, ते टाळा, मायलरचे घ्या, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळ्यात बदला. कडेला धरायचं, तोंडावर बोट नाही. धुवायचं नाही. फार तर माती असेल तर साध्या पाण्यात बुडवून ठेवायचं, चोळायचं नाही, आणि मऊ कापडाने टिपायचं.

शेवटी कागदातला रुपया. उघडला आणि वर्ष वाचलं, १९३९. मी परत वाचलं. चांगल्या चांदीचा शेवटचा रुपया हाच, फार कमी सुटलेला, सहाव्या जॉर्जच्या रुपयांत सगळे ज्याच्यामागं असतात तो. त्यामुळेच खोटे पण भरपूर, आणि खोटा करायला लागतंय काय, १९३८ च्या आठाचा नऊ करणारा एक हातखंडा कारागीर. वजन घेतलं, ११.६. चुंबकाला दाद नाही. भिंगाखाली नऊचं शेपूट बघितलं, आजूबाजूची जमीन खरवडलेली वाटत नव्हती, निदान मला. पण मला वाटून काय उपयोग? परगावचा कुणी माझ्या वाटण्यावर पैसे देणार नाही. हा मात्र काट्यावर न्यायचा ऊस. शंभरी भरायला अजून वेळ आहे म्हणजे कायद्याने वाट मोकळी, खरा ठरला तर फी कुठल्या कुठं जाईल, आणि खोटा ठरला तरी एकदाचं कळेल. पुढच्या प्रदर्शनाला आधी दोन जाणकारांच्या डोळ्याखालनं घालू, त्यांनी मान हलवली तरच पाठवू असं ठरलं.

मायलरच्या पाऊचमध्ये घालून मामांच्या हातात दिला. मामा उठले, दारापर्यंत गेले, आणि चप्पल घालता घालता म्हणाले, "हे सगळं मला कळलं रे. पण दिवाळीला तुझी मामी चिंच भिजवून बसेल तेव्हा तिला कोण सांगणार?"

मी म्हटलं, तिला वाघाचा द्या.